पिकअपचं इंजिन ऑइल: चार हजार वाचवले, एक लाख चाळीस हजार गेले



मालवाहतुकीच्या धंद्यावरचा व्हिडिओ झाल्यापासून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय. "सर, सेकंडहँड पिकअप घेऊ की नवीन?" "सर, भाडं किती धरायचं?" "सर, हप्ता जाऊन हातात किती उरेल?" प्रश्न चांगले आहेत. पण मला अजून कोणी असं विचारलेलं नाही की, "सर, ऑइल कधी बदलायचं?" आणि खरं सांगायचं तर, डिझेल पिकअपवर पोट असणाऱ्या माणसाचा धंदा बसतो तो बहुतेक वेळा भाड्यामुळे नाही, इंजिन बसल्यामुळे.

आधी एक घडलेली गोष्ट सांगतो.

मोड आला की लागणारा लाल दिवा

माझ्या एका बॅचमधला मुलगा. नाव सांगत नाही, त्यानेच तशी विनंती केलीय. जुन्नर भागातला. कर्ज काढून पिकअप घेतली आणि नारायणगावहून वाशी मार्केटला टोमॅटो न्यायला लागला. कष्टाळू पोरगा. पहिल्या वर्षी एकही हप्ता चुकला नाही. सीझन जोरात होता, गाडी रोज रस्त्यावर. दहा हजार किलोमीटरला ऑइल बदलायचं होतं. "एक दिवस गाडी उभी केली तर भाडं जातं, शिवाय वर चार हजार खर्च. सीझन संपला की बघू," असं म्हणत म्हणत काटा एकोणीस हजारांवर गेला. मधे एकदाही पट्टी काढून पातळी बघितली नाही.

एका रात्री माळशेज घाट उतरताना डॅशबोर्डवर लाल दिवा लागायला लागला. वळण आलं की लागायचा, सरळ रस्त्यावर विझायचा. त्याला वाटलं, वायर लूज झाली असेल. "वाशीला माल उतरवू, मग बघू." मुरबाडच्या पुढे इंजिनमधून टकटक आवाज सुरू झाला आणि पाच मिनिटांत गाडी जागेवर बंद. इंजिन जाम.

तो दिवा वायरमुळे लागत नव्हता. चेंबरमधलं ऑइल इतकं कमी झालं होतं की उतारावर आणि वळणावर ते एका बाजूला सरकायचं, पंपाला ऑइलऐवजी हवा मिळायची आणि प्रेशर पडायचं. गाडी त्याला दर वळणावर सांगत होती. त्याला ती भाषा येत नव्हती, एवढंच.

हिशोब नंतर आम्ही दोघांनी बसून मांडला:

- इंजिनचं काम: ९२,००० रुपये
- गाडी ओढून आणली: ७,००० रुपये
- माल पुढे न्यायला दुसरी गाडी: ८,५०० रुपये
- १८ दिवस गाडी उभी, रोजचे निव्वळ १,८०० रुपये: ३२,४०० रुपये

एकूण १,३९,९०० रुपये. हप्ता काही १८ दिवस थांबला नाही. आणि माल उशिरा पोचल्यामुळे त्या दिवशी ज्या शेतकऱ्यांना भाव कमी मिळाला, त्यातले दोघे परत आले नाहीत. ते नुकसान या यादीत धरलेलंच नाही.

वाचवले किती होते? चार हजार.

ऑइल नक्की करतं काय?

बरेच जण म्हणतात, "ऑइल म्हणजे ग्रीस सारखंच की, घासू नये म्हणून." तेवढंच नाही. ऑइल एकाच वेळी पाच कामं करतं:

१. क्रँक, बेअरिंग, पिस्टन यांच्यामध्ये पातळ थर धरून धातूला धातू लागू देत नाही.
२. जिथे रेडिएटरचं पाणी पोचत नाही, तिथली उष्णता काढून नेतं. पिस्टनची खालची बाजू आणि टर्बोचा दांडा ऑइलवरच थंड राहतो.
३. जळणातून येणारी काजळी स्वतःत धरून ठेवतं, म्हणजे ती इंजिनमध्ये गाळ होऊन बसत नाही.
४. पिस्टन रिंग आणि सिलिंडर यांच्यातली फट भरतं, त्यामुळे कॉम्प्रेशन टिकतं.
५. आतल्या ॲसिडपासून आणि गंजापासून धातू वाचवतं.

आता बघा, या पाचही कामांत ऑइल स्वतः झिजत जातं. त्यातली रसायनं संपतात, काजळी भरत जाते, जाडी बदलते. म्हणजे चेंबर काठोकाठ भरलेलं असलं तरी आतलं ऑइल "संपलेलं" असू शकतं. म्हणून वरून भरणं वेगळं आणि बदलणं वेगळं. नुसती टॉप-अप करत राहणारे इथेच फसतात.

पिकअपच्या ऑइलवर जास्त ताण का?

घरची कार आणि धंद्याची पिकअप यांना एकच नियम लावू नका. डिझेल इंजिनमध्ये स्पार्क प्लग नसतो, हवा जोरात दाबून तापवतात आणि त्या उष्णतेवर डिझेल पेटतं. त्यामुळे आतला दाब पेट्रोल इंजिनपेक्षा बराच जास्त आणि काजळीही जास्त. त्यावर आपण काय करतो? क्षमतेएवढं (आणि कधी कधी त्याहून जास्त) वजन भरतो, घाट चढवतो, शेतरस्त्याच्या धुळीत घालतो, मार्केटच्या लाइनीत इंजिन चालू ठेवून तासन्‌तास उभं राहतो.

टर्बो तर आणखी नाजूक. त्याचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे मारतो आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. घाट चढून आल्या आल्या चावी बंद केली की ऑइलचा पुरवठा थांबतो, पण टर्बो अजून तापलेला असतो. आतलं ऑइल तिथेच करपतं. म्हणून चढ संपल्यावर किंवा लांब पल्ल्यानंतर एखादा मिनिट इंजिन आयडलवर चालू द्या, मग बंद करा. सकाळी चालू केल्या केल्या रेस करू नका, ऑइल वरपर्यंत पोचायला थोडा वेळ द्या. याला एक रुपयाही लागत नाही.

डब्यावरची भाषा समजून घ्या

दुकानात गेलं की दुकानदार म्हणतो, "हे घ्या, सगळे हेच नेतात." सगळे काय नेतात ते सोडा, तुमची गाडी काय मागते ते बघा. डब्यावर दोन गोष्टी वाचायला शिका.

*पहिली, जाडी.* १५डब्ल्यू-४० किंवा ५डब्ल्यू-३० असं लिहिलेलं असतं. 'डब्ल्यू' म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा थंडीत ऑइल किती सहज वाहतं ते सांगतो, आकडा लहान तितकं ते थंडीत लवकर पोचतं. नंतरचा आकडा इंजिन तापल्यावरची, म्हणजे १०० अंश सेल्सिअसची जाडी सांगतो. "आपल्याकडे गरम असतं, जाडच टाक" हा सल्ला डोळे झाकून ऐकू नका. नवीन इंजिनांमधल्या फटी बारीक असतात, तिथे जाड ऑइल वेळेवर पोचत नाही.

*दुसरी, दर्जा.* एपीआय लिहून पुढे सीएच-४, सीआय-४, सीके-४ अशी अक्षरं असतात. 'सी' ने सुरू होणारे दर्जे डिझेलसाठी, 'एस' ने सुरू होणारे पेट्रोलसाठी. डिझेलमध्ये दुसरं अक्षर जितकं पुढचं तितका दर्जा नवा. सीआय-४ हा २००२ मधला, सीके-४ हा २०१६ मधला.

आता महत्त्वाचं. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ आलं. बीएस-६ डिझेल गाड्यांच्या धुराच्या नळीत काजळी अडवणारी जाळी असते, तिला डीपीएफ म्हणतात. ऑइल थोडं थोडं जळतंच, आणि त्यातल्या धातूयुक्त रसायनांची राख या जाळीत अडकते. काजळी जाळून साफ होते, राख जळत नाही. म्हणून अशा गाडीला कमी राखेचं ऑइल लागतं. जुन्या गाडीचं उरलेलं ऑइल नव्या गाडीत ओतलं आणि जाळी चोंदली, तर तो खर्च ऑइलच्या किमतीच्या कितीतरी पट असतो.

सोपा नियम: गाडीबरोबर जे पुस्तक मिळतं, त्यात ऑइलचं पान काढा, फोटो काढून मोबाईलमध्ये ठेवा. दुकानात तो फोटो दाखवा. बास. आणि "इंजिनमध्ये ताकद येते" म्हणून विकतात त्या बाटल्या ऑइलमध्ये ओतू नका. चांगल्या ऑइलमध्ये लागेल ते आधीच घातलेलं असतं.

किती किलोमीटरला बदलायचं?

पुस्तकात दोन आकडे असतात: किलोमीटर आणि महिने. जे आधी होईल ते धरायचं. गाडी कमी चालली तरी ऑइल जुनं होतंच.

बऱ्याच पुस्तकांत आणखी एक छोटी ओळ असते: धूळ, जास्त वजन, घाट, सतत थांबत चालणं असेल तर ऑइल लवकर बदला. ती ओळ आपल्यासाठीच आहे! आपल्या धंद्यात ह्या चारही गोष्टी रोजच्या आहेत.

आता लाइनीत उभं राहण्याचं काय? त्या वेळी काटा हलत नाही, पण इंजिन चालूच असतं. ढोबळ हिशोब असा धरा की एक तास आयडल म्हणजे साधारण ४० किलोमीटर. रोज दोन तास इंजिन चालू ठेवून उभे राहत असाल आणि महिन्याला २५ दिवस गाडी चालत असेल, तर ५० तास झाले. म्हणजे दर महिन्याला काट्यावर न दिसणारे २,००० किलोमीटर! दहा हजारांची मुदत असेल तर तुमचं ऑइल प्रत्यक्षात त्याआधीच थकलेलं असतं. त्यामुळे उभं राहायचं असेल तर इंजिन बंद करा, डिझेलही वाचेल.

रोज सकाळी दोन मिनिटं

हे मी माझ्या सगळ्या वाहतूकवाल्या विद्यार्थ्यांकडून करून घेतो. देवाला उदबत्ती लावता ना गाडीत? त्याच्या आधी हे करा.

१. गाडी सपाट जागी हवी. इंजिन चालू करण्याआधी बघितलं तर उत्तम. गाडी चालवून आणली असेल तर बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा, ऑइल खाली चेंबरमध्ये उतरू द्या.
२. पट्टी बाहेर काढा, स्वच्छ फडक्याने पुसा, पूर्ण आत घाला आणि परत काढा. पहिल्यांदा काढल्यावर दिसतं ते खरं नसतं.
३. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं, वरच्या खुणेच्या जवळ असेल तर चांगलं. खालच्या खुणेच्या खाली असेल तर गाडी हलवू नका. वरच्या खुणेच्या वरही नको, जास्त ऑइल क्रँकने घुसळलं जाऊन फेस होतो आणि सीलवर दाब येतो.
४. गाडीखालची जमीन बघा. रात्रीत डाग पडलाय का?

पट्टीवर काय दिसलं तर काय समजायचं?

- काळं ऑइल: घाबरू नका. डिझेलमध्ये नवीन ऑइलही थोड्याच दिवसांत काळं होतं, म्हणजे ते काजळी उचलतंय. रंगावरून नाही, किलोमीटरवरून बदला.
- दुधाळ, कॉफीसारखं: ऑइलमध्ये पाणी शिरलंय. हेड गॅसकेट किंवा ऑइल कूलर गेला असण्याची शक्यता. इंजिन चालू करू नका, मिस्त्रीला बोलवा.
- पातळी वाढलीय आणि डिझेलचा वास येतोय: डिझेल ऑइलमध्ये उतरतंय. अनेक बीएस-६ इंजिनांत डीपीएफची जाळी साफ होताना जास्तीचं डिझेल सोडलं जातं. लहान लहान फेऱ्यांमुळे ती सफाई सारखी अर्धवट राहिली की डिझेल खाली झिरपतं. पातळी वाढली म्हणून खुश होऊ नका, ऑइल पातळ झालंय. बदला आणि कारण शोधा.
- पातळी पटापट कमी होतेय: एकतर गळतंय, नाहीतर जळतंय. धूर निळसर असेल तर जळतंय.
- चमकणारे बारीक कण: बेअरिंग झिजतंय. लगेच दाखवा.

आणि तो लाल दिवा, किटलीसारखं चित्र आणि खाली थेंब. तो "सर्व्हिसची वेळ झाली" असं सांगणारा दिवा नाही. तो सांगतो की ऑइलचं प्रेशर पडलंय. तो लागला की पुढचं गॅरेज नाही, पुढचा ढाबाही नाही. गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. पातळी बघा. भरून, पुन्हा चालू करून दिवा विझला नाही तर गाडी ओढूनच न्यायची. आमच्या मित्राने घाटात पहिल्याच वळणावर थांबून दोन लिटर ऑइल टाकलं असतं, तर बहुतेक ही पोस्ट लिहायची वेळ आली नसती. म्हणून सीटखाली योग्य ग्रेडचा एक सीलबंद डबा कायम ठेवा. अगदीच अडचण आली तर दुसऱ्या कंपनीचं पण त्याच ग्रेडचं ऑइल भरलेलं चालेल. कोरडं चालवण्यापेक्षा ते शंभर पटीने बरं.

ऑइल बदलताना स्वतः उभे राहा

"टाकून ठेव, संध्याकाळी येतो" असं सांगून निघून जाऊ नका. अर्धा तास थांबा आणि एवढं बघा:

१. इंजिन कोमट असताना ऑइल काढलं की गाळ बरोबर येतो. शेवटचा थेंब पडेपर्यंत वेळ द्या.
२. चेंबरच्या नटाचं वायसर नवीन टाका. दहा-वीस रुपयांच्या वायसरमुळे रस्त्यावर ऑइल सांडलेलं मी बघितलंय.
३. ऑइल फिल्टर दर वेळी बदला. चोंदलेल्या फिल्टरमधून ऑइल जात नसेल तर इंजिन बंद पडू नये म्हणून आतला व्हॉल्व्ह उघडतो आणि न गाळलेलं ऑइल थेट इंजिनमध्ये जातं. म्हणजे नवीन ऑइल पहिल्या दिवसापासून घाण.
४. डबा तुमच्या समोर फोडायला सांगा. सील आणि छापलेला क्यूआर कोड किंवा होलोग्राम तपासा.
५. पुस्तकात लिहिलंय तेवढंच मोजून भरा. इंजिन चालू करा, दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. दोन मिनिटांनी बंद करा, गळती बघा, थांबून पट्टी पुन्हा तपासा.
६. एअर फिल्टर उघडून बघा. तिथून धूळ आत गेली तर ती शेवटी ऑइलमध्येच उतरते आणि सिलिंडर घासते.
७. रिकामा डबा कापून टाका. चांगल्या कंपनीच्या रिकाम्या डब्यात भेसळ भरून विकणारे असतात, त्यांना आपण कच्चा माल का पुरवायचा?
८. पक्कं बिल घ्या. वॉरंटीत काही झालं तर कंपनी पहिल्यांदा सर्व्हिसची बिलं मागते.

काढलेलं जुनं ऑइल गटारात किंवा बांधावर ओतू नका. २०१६ च्या नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडतं आणि अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवं. ते तसं जातंय का, हे गॅरेजवाल्याला विचारायला लाजू नका.

आता धंद्याचा हिशोब

समजा ऑइल, फिल्टर आणि मजुरी मिळून ४,००० रुपये लागतात. तुमच्या शहरातला आकडा वेगळा असेल, तो घाला.

- दहा हजार किलोमीटरला बदललं: किलोमीटरला ४० पैसे
- आठ हजारला बदललं: किलोमीटरला ५० पैसे

फरक फक्त १० पैशांचा. महिन्याला ४,००० किलोमीटर चालत असाल तर जास्तीचे ४०० रुपये. आता आमच्या मित्राचं नुकसान आठवा, १,३९,९०० रुपये. त्या पैशांत जास्तीचे ४०० रुपये किती महिने भरता आले असते? जवळजवळ ३५० महिने. म्हणजे २९ वर्षं!

म्हणून माझं सांगणं असं: ऑइलचा खर्च "आला की करू" असा ठेवू नका. भाडं ठरवतानाच किलोमीटरला ५० पैसे त्यात धरा. दर शनिवारी आठवड्याचे किलोमीटर बघा, तेवढे पैसे वेगळ्या डब्यात किंवा वेगळ्या खात्यात टाका. हजार किलोमीटर झाले तर ५०० रुपये. बदलायची वेळ येईल तेव्हा पैसे तयार असतील, "सीझन संपला की बघू" म्हणावंच लागणार नाही.

गाडीवर ड्रायव्हर ठेवला असेल तर आणखी एक करा. नाहीतर आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय अशी गत होते. वहीत चार रकाने आखा: तारीख, किलोमीटर, पट्टीची पातळी, सही. रोज सकाळी पट्टीचा फोटो व्हॉट्सॲपवर मागवा. आणि ड्रायव्हरला स्पष्ट सांगा की, "लाल दिवा लागला म्हणून गाडी थांबवलीस, माल उशिरा पोचला, तरी मी तुला बोलणार नाही." हे वाक्य सांगितलं नाही तर तो भीतीपोटी गाडी दामटणारच. मालक ओरडेल म्हणून पळवलेल्या गाड्यांची इंजिनं जास्त बसतात.

आमचा तो मित्र आज परत रस्त्यावर आहे. इंजिनच्या कामासाठी बायकोचे दागिने गहाण ठेवावे लागले, ते सोडवायला अकरा महिने गेले. डॅशबोर्डवर त्याने पांढऱ्या कागदावर पुढच्या ऑइल बदलाचा किलोमीटर लिहून चिकटवलाय. परवा फोनवर म्हणाला, "सर, आता गाडी बोलली की मी ऐकतो."

तुमचा गृहपाठ: आज हे वाचून झालं की खाली जा, पट्टी काढा, पातळी बघा. शेवटचं ऑइल किती किलोमीटरला बदललं ते बिलावरून शोधा. बिल सापडलं नाही किंवा आकडा आठवला नाही, तर उद्याच बदला आणि उद्यापासून वही सुरू करा.

भेटू पुढच्या भागात, टायर आणि ओव्हरलोडचा हिशोब घेऊन. तोपर्यंत धंदा जोरात करा, पण गाडीला सांभाळून!